धुऊन आणलेला चेहरा

माझा राग नाकावर असतो हे बोर्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तीस सालाच्या आगेमागे मी मुंबईहून डॉक्टरी शिकून आलो आणि तिथे दवाखाना टाकला. आजूबाजूच्या गावांत शिकलेला डॉक्टर मी एकटाच, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही गेली होती. कुणी झाडपाला चोपडून आलं की माझं डोकं फिरायचं. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावरचा हळद-चुन्याचा लेप मी खरवडून काढला आणि त्याच्या देखत अंगणात भिरकावला. "पुन्हा हे लावून आलात तर दारातूनच परत पाठवीन," असंही सुनावलं. असं केल्याशिवाय ही माणसं सुधारायची नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती.

श्रावणात एका दुपारी दिवेआगरहून बैलगाडी आली. गाडीत वाड्यांमधून मजुरी करणारी एक बाई आणि तिच्या मांडीवर सात वर्षांची मुलगी. सकाळी वाडीत नारळ पाडणं चाललं होतं. पोर मध्येच झाडाखाली धावली आणि नारळ तिच्या उजव्या कानशिलावर बसला. रडली, उठली, चालत घरी गेली, पेजसुद्धा प्यायली. मग जी गुंगी आली ती उतरेना. नवरा मुंबईला गिरणीत, तेव्हा काय ते ठरवायचं त्या बाईनंच.

पोरीला टेबलावर निजवलं. डोळा सुजला होता, पण चेहरा स्वच्छ, कसलाही लेप नाही. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणायचा, असं मनात येऊन मला बरंही वाटलं. मग मी पापण्या वर केल्या. डावी बाहुली मोहरीएवढी, उजवी चांगली मिऱ्याएवढी. बॅटरीचा उजेड टाकला तरी उजवी हलेना.

डोक्याला मार, मग थोडा वेळ शुद्ध, मग गुंगी, आणि मार लागला त्याच बाजूची बाहुली मोठी. आम्हाला शिकवलं होतं की याचा अर्थ कवटीच्या आत रक्त साचतंय आणि मेंदू दाबला जातोय. कवटीला भोक पाडून त्या रक्ताला वाट करून दिली तर मूल वाचतं, नाहीतर काही तासांत जातं. मुंबईची आगबोट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, आणि म्हसळ्याच्या रस्त्यानं गाडीत घातली असती तर हादऱ्यांनीच संपली असती. म्हणजे करायचं ते मीच. भोक पाडायचं हत्यार माझ्याकडे होतं, सुताराच्या गिरमिटासारखं असतं. मोठ्या डॉक्टरांना ते चालवताना मी दोनदा पाहिलं होतं, तेही मागच्या रांगेतून.

दोन गोष्टी मात्र जुळत नव्हत्या. मेंदू दाबला गेला की नाडी मंद होते, हिची तर धावत होती. आणि चिमटा काढला की दोन्ही हातपाय सारख्याच जोरानं ओढून घेत होती. हे मला दिसलं, आणि तरी मी ते बाजूला सारलं. बाहुली कशाला खोटं बोलेल?

माझे कंपाउंडर बोर्लीचेच, माझ्या वडिलांच्या वयाचे मुसलमान गृहस्थ. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी हत्यारं उकळत ठेवली, पोरीचे उजवीकडचे केस काढले. मी बाईची संमती घ्यायला ओसरीवर आलो.

"डोकं उघडावं लागेल," मी म्हणालो. "वाचेलच असं सांगत नाही."

"तुमी म्हनाल तसं, डागदर," ती म्हणाली आणि मनगटानं डोळे पुसून तिनं वर पाहिलं. ओसरीवर लख्ख उजेड होता. तिची एक बाहुली मोहरीएवढी होती आणि दुसरी मिऱ्याएवढी.

मी बघतच राहिलो. "तुलाही मार लागलाय का?"

"न्हाय."

"हात दाखव." तिची नखं हिरवी झाली होती. "कसला पाला वाटलास?" मी ओरडलोच. तिनं हात पदराखाली लपवले.

चाचा दारात आले. "साहेब, तुम्ही जरा आत जा. मी विचारतो."

मला ते झोंबलं, पण गेलो. थोड्याच वेळात ते आत आले. "धोत्र्याचा पाला. सूज उतरावी म्हणून वाटून डोळ्यावर थापला होता. त्याच हातानं स्वतःचा एक डोळा पुसला. इकडे येताना ओढ्यावर पोरीचं तोंड धुतलं."

"धुतलं कशाला? सांगायचं नाही?"

चाचांनी दाराबाहेर, मी म्हाताऱ्याचा लेप भिरकावला होता त्या अंगणाकडे पाहिलं.

धोत्रा डोळ्यात गेला की बाहुली फाकते, नाडी धावते. सगळं जुळलं. पण गुंगीचं काय? ती धोत्र्याची, नुसत्या माराची, की आत खरंच रक्त होतं? कापलं आणि आत काही नसलं तर मी तिला मारणार. थांबलो आणि रक्त असलं तरी मीच मारणार. पुन्हा नाडी धरली, पुन्हा हातपाय तपासले. मग चाचांना म्हटलं, "चूल विझवा." आयुष्यात इतका घाबरून मी दुसरा कुठलाही निर्णय घेतलेला नाही.

उशाशी खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या-अर्ध्या तासानं नाडी लिहीत गेलो. ती मंद झाली असती तर हत्यार हातात घ्यायचं ठरलं होतं. ती मंद झाली नाही. दुसऱ्या दिवशीही बाई भिंतीला टेकून बसलेली.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पोरीनं डोळे उघडले. आईकडे पाहून म्हणाली, "आये, पानी."

बाई तांब्या घेऊन उठली आणि तिथेच थबकली. दीड दिवसानं लेक बोलली होती, तिचं सगळं चित्त लेकीकडे असायला हवं होतं. पण तिनं भीत भीत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "देऊ का? रागावनार न्हाय न्हवं?"