बाहेरची कडी
ओल्या लसूणघासाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. दहाएक वर्षांपूर्वी, आखातात नोकरीला असताना, शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही रुवीहून बरक्याला गेलो होतो. वेड लागलेल्या एका कोकणी सुताराला आमच्या कंपनीने गावी धाडायचं सोडून अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शेतावर ठेवलं होतं. भर उन्हात तो शेळ्यांसाठी घास कापत होता, बिनपगारी. "दोन वेळ जेवतोय, आणखी काय हवं?" आमचाच मराठी सुपरवायझर म्हणाला. खजुरीखालच्या सुताराच्या खोलीला कडी बाहेरून होती. "ही कोणी बसवली?" मी ओरडलो. "त्यानेच. सुतार आहे ना! बघा, किती छान बसवलीय." गेल्या वर्षी घर घेतलं, तेव्हा प्रत्येक खोलीची बाहेरची कडी मी आधी उखडून टाकली.