पेल्यांवरचे तांबडे ठिपके

आमच्या घरी वाजवायचे काचेचे अकरा पेले आहेत. होते बारा, एक आत्याने लहानपणी फोडला आणि तिचा तो अपराध अजून कोणी विसरलेलं नाही. दक्षिणेतल्या मराठा राजांच्या राजवाड्यात चाकरीला असलेल्या आमच्या कोणा पूर्वजाला एका गोऱ्या साहेबाने ही पेटी दिली, असं घरात सांगतात. पुरावा विचारू नये. पेल्यांत कमीजास्त पाणी भरून ओलं बोट काठावरून फिरवलं, की प्रत्येकातून वेगळा सूर निघतो. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सरकारी नोकरी सांभाळून ते जन्मभर वाजवले.

सरस्वतीपूजेला हे पेले पुस्तकांशेजारी मांडतात आणि प्रत्येकाला गंध-कुंकू लावतात. त्या दिवशी ते वाजवत नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी मात्र वाजवायलाच हवेत. आई गेल्यापासून हे सगळं अप्पा एकटेच करत. मी चेन्नईला, नोकरीच्या नावाखाली चार वर्षं पूजेला गेले नव्हते. गेल्या वर्षी गेले.

पेटी उघडली तर पेल्यांवर तांबडे ठिपके, एकावर उंच, दुसऱ्यावर खाली. मागच्या पूजेचं कुंकू कोणी पुसलेलंच नाही, आणि लावलंही वेडंवाकडं, असं मला वाटलं. आई असती तर असं चाललं नसतं, असं पुटपुटत मी चिंच घेऊन घासायला बसले. ठिपके निघेनात, तेव्हा ब्लेड घेतलं. माझा हात एकदा घासायला लागला की थांबत नाही. अकराही पेले लख्ख झाले, नवं कुंकू लागलं, आणि मी स्वतःवर खूश झाले.

विजयादशमीला अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन बसले. एकेक पेला उजेडात फिरवून पाहू लागले. पेंटच्या खुणा कुठे गेल्या, असं त्यांनी विचारलं. मी काय केलं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अंदाजाने पाणी भरून वाजवू लागले.

ऐकवत नव्हतं. पूर्वी थेंबभर पाणी जास्त झालं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, ते अप्पा शांतपणे बेसूर वाजवत होते. वाजवून झाल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“चुकलें ना?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मज वरचे सूर ऐकूं येत नाहींत,” ते म्हणाले. “ऐकूं येत होते तंवर पाण्याच्या खुणा करून ठेवल्या.”

म्हणजे त्यांच्या कानांनी मागे ठेवलेलं सगळं मी खरवडून काढलं होतं. फोनवर मी बोलत राहायचे, ते तमिळमध्ये ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणायचे, आणि ते ऐकताहेत असं मला वाटायचं. मला रडू आलं. अप्पांनी तांब्या उचलला आणि, ते थोडंथोडं पाणी ओततील, सूर जमला की मी मान डोलवायची, असं सांगितलं. लहानपणी त्यांनी शिकवलेलं थोडंफार कानात उरलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत अकराही पेले जुळले. अप्पांनी पुन्हा वाजवलं, या वेळी सगळं सुरात.

पाण्याची रेघ पुन्हा हरवू नये म्हणून मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. पहिल्या पेल्याला ठिपका लावणार, तोच अप्पांनी त्यावर तळहात ठेवला.

“नको. खुणा असल्या तर तूं कशास येशील?”

मी बाटलीचं झाकण लावलं.