तिच्या लॅपटॉपवरची एकतीस नंबरची फाईल

माझं शिक्षण चौथी. गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होतो. गिरणी बंद पडल्यावर इकडेतिकडे हमाली केली, मग लॅमिंग्टन रोडला एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सतरा-अठरा वर्षं शिपाई होतो. चहा आणायचा, झाडू मारायचा आणि कारागिराच्या हातांकडे बघत राहायचं. साचा असाच शिकलो होतो, लॅपटॉपही तसाच शिकलो. इंग्रजी अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. पण पडद्यावर कुठली ओळ कुठल्या जागी येते ते पाठ आहे. तिसऱ्या ओळीवर जायचं, एन्टर दाबायचं. नवीन काही आलं आणि ओळी हलल्या की मी अडकतो.

दुकान सुटलं तरी हात थांबेनात. भंगारवाल्याने उचललेले दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप मी स्वस्तात घेऊन येतो. नवी विंडोज त्यांना झेपत नाही. त्यांच्यात लहानसं लिनक्स घातलं की उठून बसतात. कुणाला जुनीच विंडोज हवी असते, तीही घालून देतो. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत. ते एक दिवस जाडजूड मशीन घेऊन आले.

"मला इंटरनेट नको, काही नको. ते जुनं पत्त्यांचं पाहिजे."

"पत्ते नव्यातपण आहेत की."

"ते नकोत हो. डाव जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली पडायचे ना, ते पाहिजेत."

दिले घालून. दुपारभर खेळतात आणि हरले की खाली येऊन माझ्यावर चिडतात.

पासवर्ड विसरलेली मशीनं मी उघडली आहेत. माणूस गेल्यावर घरच्यांनी आणून दिलेलीही उघडली आहेत. फक्त माझ्या स्वतःच्या खोलीतलं एक मशीन मी आठ महिने उघडलं नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

ते माझ्या बायकोचं.

काळा, जाड, बटणांच्या मधोमध लाल टिपका असलेला लॅपटॉप. मी भंगारातून आणून उभा केला आणि तिला दिला. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे. तिने पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापले, त्यांवर मराठी अक्षरं लिहिली आणि एकेका बटणावर चिकटवली. मग अधूनमधून दुपारी जेवणं झाली की खिडकीपाशी बसून एका बोटाने टकटक करायची. मी एकदा विचारलं, काय लिहितेस?

"तुमच्या तक्रारी."

"बघू."

"पासवर्ड टाकलाय."

"मला सांग की."

"तुम्हाला कशाला? तुम्हीच तर शिकवलंत, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही."

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली. पोटाचा कॅन्सर. संक्रांतीच्या आठवड्यात परळला इस्पितळात कळलं आणि पाच महिन्यांत संपलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, दुखणं कधीपासून आहे? ती म्हणाली, थोडे दिवस झाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, थोडेच दिवस. नंतर मला एकट्याला बाहेर घेऊन ते म्हणाले, "आजोबा, सहा महिने आधी आला असतात तर मी वेगळं काहीतरी बोललो असतो."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे. ती कधीतरी मला म्हणाली होती, अहो, पोटात दुखतंय. मी तेव्हा कुठल्यातरी लॅपटॉपचं झाकण उघडून बसलो होतो, हातात स्क्रू ड्रायव्हर होता. मान वर केली नाही. म्हणालो, गॅस आहे, ओवा खा. हे शब्द माझे, याबद्दल शंका नाही. पण कधी? दिवाळीत म्हणालो की त्याच्या कितीतरी आधी? मला आठवेना. सहा महिन्यांच्या अलीकडे म्हणालो असेन तर तिचं जे व्हायचं ते होणारच होतं. पलीकडे म्हणालो असेन तर मी तिला मारलं. असं मी लिहितो, कारण मला असंच वाटतं.

आणि ती लिहून ठेवत होती. म्हणजे तो दिवस त्या काळ्या मशीनमध्ये असणार.

पासवर्डचं कारण खरं नव्हतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की पासवर्ड बाजूला राहतो, डिस्कवरचं सगळं समोर उघडं पडतं. दहा मिनिटांचं काम. मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कपाटात वर ठेवला. कपाट उघडताना तिकडे बघायचं टाळायचो.

मुलगी नायगावला राहते, आम्ही तिला बाय म्हणतो. दर रविवारी येते, डबा आणते. दर रविवारी तिचा तोच प्रश्न.

"बाबा, आईचा लॅपटॉप उघडला का?"

"डिस्क गेलीय त्याची."

"तुम्ही सगळ्यांचे उघडता, आईचाच बरा गेला?"

"गेली म्हणजे गेली, बाय. लोखंड आहे ते."

कितीतरी रविवार हेच चाललं. गेल्या महिन्यात मात्र तिने दुसरंच काढलं. दादरला एक माणूस आहे म्हणे, मेलेल्या डिस्कमधूनसुद्धा सगळं काढून देतो. "पुढच्या रविवारी मी घेऊन जाते," म्हणाली. मी म्हटलं, कशाला एवढा खटाटोप. तिचा चेहरा हट्टाला पेटल्यासारखा होता. माझी झोप उडाली. म्हणजे मी काय केलं ते ती माझ्याआधी वाचणार, दादरच्या कुठल्यातरी काउंटरवर उभी राहून.

म्हणून शनिवारी दुपारी कडी लावली आणि लॅपटॉप खाली काढला.

चार्जर लावला, पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं. आणि आतून आवाज आला. टक. टक. थांबून परत टक. साच्यात सूत नेणारा धोटा अडकला की कान आधी सांगतात, मग डोळ्यांना दिसतं. तसंच झालं. मुलीला आठ महिने जे खोटं सांगत होतो ते आता खरं होत होतं. डिस्क खरोखरच जायला लागली होती. उघडायची भीती होतीच, आता ते कायमचं मिटायची भीती तिच्यावर येऊन बसली. दोन्ही एकाच वेळी कशा वाटतात विचारू नका, वाटतात.

तिचा कप्पा उघडला. त्रेपन्न फायली. नावं नाहीत, नुसते आकडे, एकपासून त्रेपन्नपर्यंत. शेजारच्या रांगेत तारखा. मी चष्मा पुसला आणि वाचल्या. सगळ्यांवर एक जानेवारी. एकाच जुन्या वर्षाची. त्रेपन्नच्या त्रेपन्न.

मग डोक्यात उजेड पडला. अशा मशीनमध्ये घड्याळासाठी एक वेगळा सेल असतो, लहान नाण्याएवढा. तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख विसरतं आणि पहिल्या दिवशी जाऊन बसतं. याचा सेल मी आणला तेव्हाच संपलेला होता. सुरू होताना दोनदा बीप करून तक्रार करायचं. मी तिला सांगितलं होतं, कोपऱ्यातलं बटण दाब आणि पुढे हो. इंटरनेट तिने कधी घेतलं नाही, म्हणून बाहेरूनही कुणी वेळ दुरुस्त केली नाही. पाच मिनिटांचं काम मी आळसाने टाळलं होतं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. तारीख नाही म्हणजे पुरावा नाही. मी भिंतीला टेकून बसलो, पाणी प्यायलो. एवढा हलका मी ती गेल्यापासून झालो नव्हतो. बायकोच्या अक्षरांसमोर बसून माणूस चोरासारखा सुटल्याचा आनंद करतो, हे लिहायला लाज वाटते. पण झालं तसंच.

मग निर्धास्त होऊन वाचायला लागलो. पहिल्या फायलीत नुसतं अ आ इ ई. सातवीत लिहिलंय, "आमचे हे स्क्रू चहाच्या बशीत ठेवतात. एखादा कधीतरी पोटात जाईल." चौदावीत सुक्या बोंबलांचा वास कॉम्प्युटरला लागतो का अशी शंका. मला हसू आलं. ती बाजूला बसून बोलतेय असंच वाटत होतं. डिस्क मध्येच टकटक करायची, पडदा थिजायचा, परत सुटायचा. मी एकेक उघडत गेलो.

एकतीस.

"आज नातीचा दहावीचा निकाल. बरे मार्क पडले. हिंदमाताला जाऊन तिला ड्रेसचं कापड घेतलं. जिना चढताना पोटात दुखलं, मधे दोनदा बसले. ह्यांना सांगितलं. गॅस आहे म्हणाले, ओवा खा."

तारखेची गरजच नव्हती. नातीचा, बायच्या मुलीचा, निकाल त्या संक्रांतीआधीच्या मे महिन्याच्या शेवटी लागला होता. मी बोटांवर मोजलं. जून, जुलै, तिथून संक्रांतीपर्यंत. साडेसात महिने. परत मोजलं. तेवढेच.

मग मी जे केलं ते सांगतो. त्या फायलीवर बोट नेलं आणि डिलीट दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, खाली दोन चौकोन. उजवा म्हणजे हो, हे मला पाठ आहे. मनात हिशेब चालू होता, बत्तीसचं एकतीस करू, त्रेपन्नचं बावन्न, बायला काय कळतंय. उजव्या चौकोनावर गेलो तेवढ्यात डिस्क टकटक करायला लागली ती थांबेचना. पडदा थिजला. बाण हलेना. मला वाटलं, संपलं. एकतीसच काय, बोंबील आणि बशीतले स्क्रू, सगळंच गेलं. माझ्या तोंडातून तिचं नाव बाहेर पडलं. खोलीत कुणी नव्हतं.

दोन-तीन मिनिटांनी पडदा सुटला. मी डावा चौकोन दाबला. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, घाबरून दाबला. दुसरा पेनड्राइव्ह लावून सगळा कप्पा त्याच्यावर ओढला. एकेक फाईल सरकत होती आणि मी आवाज ऐकत मांडी घालून बसलो होतो. एकतीसही त्यांच्यात गेली. त्रेपन्न पोचल्या. नंतर ती डिस्क पुन्हा फिरली नाही.

रविवारी मुलगी आली ती रिकामी पिशवी घेऊनच.

"द्या लॅपटॉप."

"उघडला."

ती होती तिथेच बसली. डबा हातातच. "कधी?"

"काल. डिस्क गेली, पण आधी सगळं उतरवून घेतलं."

"वाचलंत?"

"एकतीसपर्यंत."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, हिला आधीच कसं कळलं? दुसऱ्या मशीनवर एकतीस उघडून तिच्यासमोर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. शेवटी म्हणालो, "वाचलंस ना. आता काय बोलायचं ते बोल."

"ह्याच्यात माझं नाही," ती म्हणाली.

"काय तुझं नाही?"

"बाबा, पुढची उघडा."

"तू उघड."

तिने बत्तीस उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. शाळेत वाचून दाखवायची तशी, सरळ, न थांबता.

"आज बायला फोनवर सांगितलं. ॲसिडिटी असेल म्हणाली. बरं वाटलं. माझ्या आयेचं असंच सुरू झालं होतं, ती तीन महिन्यांत गेली. ह्यांना एकदा सांगून झालं, बायला एकदा सांगून झालं. आता परत कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील."

शेवटचं वाक्य वाचून तिने झाकण मिटलं.

म्हणजे बाय आठ महिने लॅपटॉप मागत होती ते आईची आठवण म्हणून नाही. तिला तो माझ्याआधी हवा होता. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. ज्या बाईमुळे आम्ही दोघं थरथरत होतो ती स्वतः आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली होती. चार फुटांवर खिडकीपाशी बसून एका बोटाने लिहीत होती, आणि मला दिसलं नाही. यातून माझा दोष कमी होतो असं मला वाटत नाही. उलट एक वाढलाच.

"तू नायगावला होतीस," मी म्हणालो. "मी इथे होतो. तुझं काही नाही यात."

"असं कसं काही नाही?"

"मोठा मी आहे. ते माझ्याकडे राहू दे."

"बाबा, आता हे पण भांडून वाटून घ्यायचं का आपण? जेवा आधी."

जेवलो. तिने कुळथाची पिठी आणली होती. पानावर बसल्यावर ती म्हणाली, एकवीस फायली राहिल्यात. मी म्हणालो, आज नको. ती म्हणाली, मलापण आज नकोच आहे.

मग ठरलं की रविवारी दोघांनी बसून एक वाचायची, एकट्याने कुणी उघडायची नाही. पुढे तिचं दुखणं वाढत गेलेलं असणार, आणि ते तिने कसं दाबलं हे तिच्याच अक्षरांत येणार. काल चौतीस झाली. आठवडाभर पेनड्राइव्ह माझ्याकडेच असतो आणि मी त्याला हात लावत नाही. मोठा वचनाचा पक्का म्हणून नाही. एकट्याने पस्तीस उघडायची मला भीती वाटते.