पेडण्याची हवा आणि ब्रेकची परीक्षा

गडहिंग्लजहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा त्याच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, एक मोटार करकचून बांधलेली होती. ‘मोटार’ या शब्दाने वाचकांच्या मनात जे चित्र उभे राहील त्याहून ती बरीच वेगळी असल्याने आधी तिची ओळख करून देते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी पोलादी नळ्या जोडून सांगाडा तयार करतात, त्यात मोटारसायकलचे इंजिन बसवतात आणि एकच माणूस मावेल अशी, बिनछपराची, जमिनीलगत धावणारी शर्यतीची गाडी स्वतः उभी करतात. मग निरनिराळ्या महाविद्यालयांच्या गाड्या एकत्र येऊन धावतात. यंदा त्या गोव्यात धावणार होत्या. ही गाडी माझी भाची सानिका हिच्या चमूची होती. चालवणार तीच होती आणि तिचे हे शेवटचे वर्ष होते. पुन्हा संधी नव्हती. “तू बरोबर जाणार असशील तरच पाठवते,” असे माझ्या बहिणीने बजावले, म्हणून निवृत्त विज्ञानशिक्षिका असलेली मी टेम्पोचालकाशेजारी बसून या मुलांबरोबर गोव्याला निघाले.

आंबोलीचा घाट उतरला की अंगाला हवा चिकटू लागते. सावंतवाडी, बांदा मागे पडले आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली. दिवस काजूचे होते. पेडण्यापुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेल्या बोंडांचा आंबूस-गोड दरवळ होता. कोरगावला आमचा मुक्काम केदारच्या काकांकडे ठरला होता. केदार हा चमूतला शांत मुलगा. गाडीचे ब्रेक त्याने बसवले होते.

काका, म्हणजे वामनकाका, काजूच्या बागेतून तसेच आले आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून थांबले.

“केदार, हिचा छप्पर वाटेत पडला काय रे?”

“छप्पर नसताच, काका. हलकी होऊक जाय.”

“आणि पावसात?”

“पावसात आमी ती झाकून ठेवतो.”

“म्हणजे आमच्या म्हशीपरास नाजूक,” असा निर्णय देऊन ते पाय धुवायला गेले.

रात्री काकूंनी हुमण (मासळीची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. त्याआधी नीरो (बोंडांचा ताजा रस) दिला. तो पिताना घसा किंचित खवखवतो आणि तरीही पेला पुढे करावासा वाटतो.

सकाळी ताडपत्री काढली तर पुढच्या दोन्ही चाकांतल्या पोलादी चकत्यांवर तांबूस थर चढला होता. ब्रेक दाबला की पॅड या चकत्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबते. मी केदारला विचारले, “हे चालेल का?”

“पहिल्या दोन ब्रेकांत निघून जातं, बाई. घरच्या मोटारसायकललाही होतं.”

वामनकाकांना ते पटले नाही. “लोखंड असा ता. आमच्या हवेक एक रात पुरता,” ते म्हणाले. केदारने मात्र सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) नेऊन सानिकाला गाडी चालवायला दिली, आणि थोड्याच वेळात चकत्या लख्ख झाल्या. ब्रेक चोख लागत होते.

संध्याकाळी आम्ही तेरेखोलला गेलो. केरीहून फेरीबोट नदी ओलांडते. पलीकडे टेकाडावर छोटासा किल्ला आहे आणि त्याच्या तटावर उभे राहिले की नदी समुद्राला मिळताना दिसते. वारा इतका खारट होता की ओठांवर चव राहिली. वामनकाका आले नाहीत. “गाडयेची राखण कोण करतलो?” असे म्हणून ते घरी थांबले.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीला पोहोचलो. मोटारी धावणार होत्या ते खनिज साठवण्याचे जुने, आता मोकळे पडलेले काँक्रीटचे आवार होते. कडेची झाडे अजून तांबड्या धुळीने माखलेली होती. धावपट्टीवर जाण्याआधी प्रत्येक गाडीची ब्रेकची परीक्षा होते. नियम सोपा आहे. गाडी वेगात आणावी, ब्रेक दाबावा. चारही चाके एकाच वेळी जागच्या जागी अडकली पाहिजेत. एक जरी फिरत राहिले तर गाडी नापास.

सानिकाने ब्रेक दाबला. मागची चाके अडली, पुढची दोन्ही फिरत राहिली. दुसऱ्या खेपेलाही तेच.

परीक्षक एक मध्यमवयीन गृहस्थ होते. ते म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत कितीही वेळा या. त्यानंतर मात्र मी कोणाला घेत नाही.”

मुलांनी ब्रेकच्या नळ्या तपासल्या, त्यांतल्या तेलात हवा शिरली का ते पाहिले. दोष सापडेना. सानिका शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसून राहिली होती. वर्गात प्रयोग फसला की मी जो प्रश्न विचारत असे, तोच केदारला विचारला : “काल आणि आज यांत काय बदललं?”

“काहीच नाही, बाई.”

मी चाकाशी वाकले. चकती चकाकत होती. “काल सकाळी हिच्यावर गंज होता. रात्र तीच, हवा तीच. मग आज सकाळी कोणी पाहिला का?”

कोणीच पाहिला नव्हता. केदारने चकतीवरून बोट फिरवले, नाकाशी नेले आणि खाली बसला.

“खोबरेल,” तो म्हणाला. “काका.”

मला काकूंची आदोळी (विळी) आठवली. काम झाले की तिचे पाते तेलाने पुसूनच ठेवत. कोयत्यालाही तेच. त्या घरात लोखंडावर माया करण्याची तीच रीत होती. मागच्या चकत्या इंजिनाखाली लपलेल्या, म्हणून तेवढ्या वाचल्या.

सानिकाने शिरस्त्राण बाजूला ठेवले. “म्हणजे काकांनी गाडीला अभ्यंग घातलं. उटणं तेवढं राहिलं.” मुले हसली आणि कामाला लागली.

चकत्या थिनरने पुसल्या, पॅड घासकागदावर घासले. पण पॅडमध्ये तेल मुरते, आणि सुटे पॅड सरावात संपले होते. आवाराच्या दारात एका बाईंचा पातळभाजी आणि उंड्यांचा (कडक सालीच्या पावांचा) गाडा होता. केदारने त्यांच्याकडे तवा मागितला.

“किते भाजतलो, बाबा?”

“ब्रेक, मावशी.”

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि जुना तवा काढून दिला. पॅड तापले, धूर निघाला आणि तळणीचा खमंग वास सुटला. रांगेतल्या कोणीतरी विचारले, “आज नेवऱ्यो आसात काय?” नेवऱ्यो म्हणजे आपल्या करंज्या.

धूर थांबेपर्यंत पॅड तापवले, पुन्हा घासले, बसवले. सानिकाने मोकळ्या जागेत गाडी हळूहळू थांबवून पाहिली आणि मग ती परीक्षकांपुढे गेली. सुट्टी होण्याच्या बेतात होती. गाडी वेगात आली, किंचाळली आणि थांबली. काँक्रीटवर सरळ, समांतर, काळे चार पट्टे उमटले होते. परीक्षकांनी ते चालत जाऊन पाहिले आणि गाडीच्या नाकावर उत्तीर्णतेची पट्टी चिकटवली. माझ्या हातातली पाण्याची बाटली पार चेपली गेली होती, हे मला तेव्हा कळले.

गाडी जिंकली नाही. ती सगळे फेरे पुरे करून मधल्या कुठल्याशा क्रमांकाने आली, आणि सानिका हसत उतरली. परतताना मयेच्या तळ्याकाठी आम्ही पाय सोडून बसलो. परीक्षा घेणाऱ्यांवर परीक्षार्थींचा राग असतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. त्या नियमाने आम्हाला सकाळी अडवले नसते तर हाच दोष पहिल्या वळणावर कळला असता, हा विचार मी तळ्याच्या पाण्याकडे पाहत पुरता केला आणि कोणाला सांगितला नाही.

कोरगावला केदारने काकांना सगळे सांगितले. “पोरीक काय झाला नाय मगे?” एवढेच त्यांनी विचारले.

“काही नाही, काका,” सानिका म्हणाली. “तपासणीतच कळलं.”

“इचारून लावा म्हटलेला मी,” काकू आतून म्हणाल्या.

निघायच्या सकाळी मुले गाडी टेम्पोत चढवत होती. वामनकाका दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून तिच्याभोवती फिरत होते. “हात लावणय नाय, टीचर. बघतंय फक्त.” मग ते पुढच्या चाकाशी वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “हयसर येवा. गंज चढलो. तेल नाय.”

आम्ही सगळ्यांनी तो तांबूस थर कौतुकाने पाहिला. लोखंड, ओल आणि हवा यांचा पाठ मी वर्षानुवर्षे नुकसानीचे उदाहरण म्हणून शिकवला होता.

घरी पोहोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. “सगळं नीट झालं ना?”

“हो,” मी म्हणाले. “निघताना गंज चढला होता.”

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि सानिका हसत हसत पायरीवर बसली.