काकी कोपरगावला का गेली नाही

वसतिगृहाच्या बाईंनी तासावरून बोलावून घेतलं. मिरजगावहून फोन होता... काकी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. याला आता सहा आठवडे झाले. मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता ती मला माफ करायला उरली नाही. तिच्या लेकीच्या संमतीने, नावं बदलून लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि त्याचा अभिमान आईपेक्षा काकीलाच जास्त. तिला वाचता येत नव्हतं. माझं पोस्टकार्ड आलं की पोस्टमनअण्णांना ओट्यावर बसवून ती शेजारणींना हाका मारायची, "या गं, आमची पोरगी काय लिवती ते ऐका!"

गेल्या वर्षी दिवाळीत तिने मला एकटीला सांगितलं. शिंकलं, खोकलं, हंडा उचलला की लघवी सुटते, शेवटच्या बाळंतपणापासून. तिची लेक विमलताई कोपरगावला दिलेली, चैत्रात तिथेच बाळंत होणार होती आणि आईची वाट बघत होती. "यष्टीत एवढे तास... लुगडं भिजलं म्हंजी? कुनाला सांगू नको."

पुढे कॉलेजात एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. सगळ्या मुली गेल्यावर मी चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणींना ऑपरेशनशिवाय गुण येतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच मोजायचे, सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने नेटाने. संक्रांतीला मी काकीला गोधडीवर निजवून शिकवलं. "एवढंच व्हय? म्या म्हनलं सुया टोचत्यात!" ती हसली.

महिनाभराने मी कार्ड टाकलं. 'काकी, लघवी गळायची कमी झाली का? व्यायाम तीनदा करतेस ना?' अण्णाच वाचणार हे मला लहानपणापासून माहीत होतं; पण लिहिताना डोळ्यांपुढे फक्त चैत्र होता. काकीने नेहमीसारख्या बायका जमवल्या. अण्णा एका सुरात वाचत गेले. "आगं बया, या वयात कवायत व्हय!" शेजारच्या हौसाबाई म्हणाल्या, आणि अख्खा ओटा हसला.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा काकीने मला पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिला. व्यायामाचं विचारलं.

"सोडला. पान्याला गेलं की बाया बोटं मोजून दावत्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगितलं हुतं म्या. गावाला न्हाई."

चैत्र तोवर उलटला होता. ती कोपरगावला गेलीच नव्हती.

दहावा झाल्यावर विमलताई आणि मी तिची खोली आवरत होतो. कणगी सरकवली, तर मागे भिंतीवर कोळशाच्या बारीक रेघा... तीन-तीनच्या जुड्या, ओळीने. शेवटच्या जुडीत एकच रेघ.

"हे कशाचं गं?" म्हणत ताईने ओलं फडकं उचललं. "आईला सगळ्याला येळ हुता. माझ्या बाळंतपणाला तेवढा न्हवता."

काकीचं गुपित पुन्हा फोडायचं, की लेकीला असंच आईवर रुसून जाऊ द्यायचं... मला कळेना. बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या. मी उठून दार लावून घेतलं, कडी घातली.

"ताई, पुसू नकोस," मी हळूच म्हटलं. "सांगते."