दारावरचे दोन शब्द

वरठीच्या कारखान्यात होतो तेव्हा संध्याकाळच्या पॅसेंजरला एक म्हातारा रोज माझ्यासमोर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर फाटका ग्रीक शब्दकोश असायचा. विचारात पडला की चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि घालायचाच विसरायचा. ग्रीकांच्या एका पुरातन देवळाच्या दारावर कोरलेलं वचन तो मराठीत आणत होता. मुळात शब्द दोनच; त्यांचा अर्थ त्याने मला समजावून सांगितला होता.

मी म्हटलं, "सोपं तं हाये. 'स्वतःले समज'."

"'स्वतःले काय समजते हा?' असं भांडनात म्हन्तेत, भाऊ."

"मंग 'स्वतःले ओळख'."

"मी काय जत्रेत हरवलो का, ओळखाले?"

तुमसर रोड स्टेशन येईपर्यंत मला माझीच मराठी परकी वाटू लागायची. एकदा वैतागून विचारलं, "काहून एवढा तरास घेता, बाबाजी?"

"दारावरचं वाचता नाही आलं, तं अंदर कसा जाऊ?"

मग तो कित्येक महिने दिसला नाही. दिसला तो एकदम वरठीच्या फलाटावर, बाकावर बसलेला. मांडीवर शब्दकोश नव्हता. मी आनंदाने पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्याने चष्मा पुसला, या वेळी आठवणीने घातला, मला निरखलं आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "आपण कोण?"

तो मला विसरला होता, की त्याला ते दोन शब्द सापडले होते?

नाव सांगायला मी तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो.