हंडा मी घासला

आमच्या धाकट्या भावोजींचे मित्र, चित्रकलेचे मास्तर, यांच्याइतका बघणारा माणूस भिवंडीत दुसरा झाला नाही आणि होईल असं वाटत नाही. बाकीचे आपण बघायचं तेवढं बघतो आणि कामाला लागतो. मास्तरांचं बघणं हेच काम होतं. त्यांच्यापुढे चहा ठेवला की ते आधी कपाकडे बघत, मग बशीत पडलेल्या कपाच्या सावलीकडे, मग खिडकीकडे, मग पुन्हा सावलीकडे. तोवर चहावर जाड साय आलेली असे. ती बोटाने बाजूला सारून ते चहा एका दमात संपवत आणि "वहिनी, चहा फक्कड" म्हणत. गारढोण चहाला फक्कड म्हणणारा पाहुणा मिळायला नशीब लागतं. माझ्यासारख्या, साखर घातली की नाही हे चहा गाळताना आठवणाऱ्या बाईला तर ते फारच लागतं. भाजीबाजारात ते वांगी घ्यायचे ती आकार बघून. वाकडं, डाग पडलेलं, देठ मोडलेलं वांगं दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. भावोजी सांगायचे की भाजीवाली गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली वांगी मास्तरांसाठी वेगळ्या टोपलीत ठेवते आणि त्यांना दोन पैसे जास्तच लावते. आमच्या सासूबाईंनी त्यांना पहिल्यांदा ओटीवर बसून मुसळाकडे टक लावताना पाहिलं आणि आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "याला कुनाची नजर न्हाय लागायची बाय. याचीच सगल्यांना लागंल."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्गात साठ मुलं आणि आठवड्याला एक तास, त्यातही कधी गणिताचे गुरुजी तो मागून घ्यायचे. म्हणून त्यांनी नऊ मुलं निवडली आणि रविवारी आपल्या खोलीवर बोलावली. त्यांची खोली होती लूमच्या कारखान्याला लागून. तिथे पाण्याचा तांब्या ठेवला तर पाण्यावर लाटा उठायच्या, मग सरळ रेघ कुठून येणार? कारखान्याला सुट्टी शुक्रवारी आणि शाळेला रविवारी. दोन्हींचा मेळ काही बसेना. तेव्हा भावोजींनी मला न विचारता सांगून टाकलं की आमची टेमघरची ओटी मोकळी आहे, आजूबाजूला शेतं आहेत, एक लूम ऐकू येत नाही. मला विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते म्हणा. परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नसे. मास्तर आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची आणि चहा माझ्या मुलीच्या हाती पाठवायची. त्या फटीतून मी दोन वर्षं सगळे वर्ग बघितले. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी चित्रकला म्हणजे पाटीवर मोर काढायचा, बाई "बरं" म्हणायच्या आणि तो पुसून त्याच पाटीवर हिशेब घालायच्या. त्यामुळे या वर्गात काय चाललंय ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

कारण मास्तर काढायला काही सांगतच नसत. समोर एखादी वस्तू मांडायची, मुलांना तिच्याभोवती गोल बसवायचं आणि हात मांडीखाली दाबायला लावायचे. अर्धा तास नुसतं बघायचं. हात बाहेर काढला की ते म्हणत, "घाई आहे का? वस्तू कुठं पळून चाललीय?" सासूबाईंना वाटलं, पोरांना शिक्षा झाली. त्या शेंगदाणे घेऊन आल्या. मुलांचे हात मांडीखाली, म्हणून त्यांनी एकेकाच्या तोंडात चारचार दाणे घातले. नऊ मुलं दाणे चघळत एका लोट्याकडे बघतायत आणि मास्तर त्या मुलांकडे बघतायत, असं ते दृश्य. दाराआडून त्या सगळ्यांकडे मी बघत होते, आणि भाकरी तव्यावर जळत होती.

रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळत होती त्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट आहे. मास्तर शाळेत तात्पुरते होते. दर एप्रिलात त्यांना कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. या खेपेला ठाण्याहून चित्रकलेचे साहेब मुलांची कामं बघायला येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर मास्तर कायम होणार होते. गावाकडे त्यांचं लग्न बोलून ठेवलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी "कायम झालात की कळवा" असं सांगितलं होतं. म्हणजे सगळंच त्या शेऱ्यावर. साहेबांना दाखवायला मास्तरांनी काहीतरी खास शोधायचं ठरवलं. त्यासाठी ते आमच्या घरभर फिरले. फळीवरची पितळी भांडी मी आदल्या दिवशी लख्ख करून मांडली होती. त्यांच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. न्हाणीत गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "हे काय आहे हो वहिनी, किती सुंदर." मी धावत गेले. ते आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यापुढे उकिडवे बसले होते. तांब्याचा हंडा, पण तांब्याचा आहे हे आम्हा घरच्यांनाच माहीत. माझ्या लग्नापासून तो न्हाणीतल्या चुलीवर बसलेला. गळ्यापासून बुडापर्यंत काजळीने काळा कुळकुळीत.

हंडा ओटीवर आला. खाली सासूबाईंचं घोंगडं, शेजारी दोन वांगी. जमिनीवर भोवती खडूने गोल खूण केली आणि मास्तरांनी घरादाराला बजावलं, तीन रविवार याला कोणी हात लावायचा नाही. पहिल्या रविवारी बघायचं, दुसऱ्या रविवारी रेघा, तिसऱ्याला काळं भरायचं. काळं आधी भरलं तर मुलं हाताने फासतात, म्हणून ते शेवटी. तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साहेब. तेवढे दिवस आम्ही ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळी केल्या. सासूबाई न्हाणीत शिरल्या की मास्तरांच्या सात पिढ्यांची नावं घेत बाहेर यायच्या, आणि रविवारी त्यांनाच तांदळाची भाकरी वाढायच्या. वांगी सुरकुतली, तपकिरी झाली, त्यांना वास यायला लागला. मुलीने ती बदलू का म्हणून विचारलं तर मास्तर म्हणाले, "आत्ता कुठे त्यांना चेहरा आलाय."

आता माझा पराक्रम सांगते. शेवटच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी ओटी सारवायला गेले आणि त्या हंड्याकडे बघून माझा जीव खालीवर झाला. हा हंडा नऊ कागदांवर उतरणार. ठाण्याचे साहेब तो बघणार. विचारणार, कुणाच्या घरचा हा हंडा? आणि कुणीतरी माझं नाव सांगणार. भांडी घासायची अक्कल नसलेली बाई म्हणून मी ठाण्यापर्यंत जाणार. दुसरं काही मला येत नव्हतं, भांडी मात्र येत होती. मी चिंच भिजवली, राख घेतली, मीठ घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि दुपारभर बसले. बारा वर्षांची काजळी. हाताची सालं गेली. संध्याकाळी हंडा नव्या नवरीसारखा झळकला. तो मी खडूच्या खुणेवर, कान जिकडे होता तिकडेच करून, केसभरही न सरकवता ठेवला. मास्तरांनी हात लावू नका म्हटलं होतं त्यामागे जागा चुकू नये एवढंच असणार, असं मी धरून चालले होते. रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी मुलं आली आणि खुणेभोवती उभी राहिली. मास्तर आले, सायकल लावली, हंडा बघितला. खाली बसले. ते काही त्यांचं नेहमीचं बघणं नव्हतं, हे मला दाराआडूनही कळलं. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, सुरेख घासलाय हो." त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. मग त्यांनी मुलांना विचारलं की काजळी कुठे कशी होती ते कुणाला आठवतंय. नऊ मुलांनी नऊ जागा सांगितल्या. सासूबाईंनी हंडा पुन्हा चुलीवर चढवला, ओला पाला जाळला, घरभर धूर केला आणि हंड्याला जेमतेम घामोळं आल्याएवढा डाग पडला. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आईला म्हाईत असंल. रोज तीच त्याच्याम्होरं बसते."

मी दाराआडूनच सांगायला लागले. गळ्याखाली दाट पट्टा. सरपण सरकवतो तिथे भुरकट. आणि मी नेहमी एकाच बाजूने तांब्या बुडवते, त्यामुळे पाणी सांडून त्या बाजूला तीन ओघळ, मधला सगळ्यांत लांब. मास्तर म्हणाले, "असं नाही कळत. बाहेर या, काढून दाखवा." मी नको नको म्हणत होते आणि सासूबाईंनी मला पाठीत हात घालून ओटीवर ढकललं. "जा की. घासताना लाजली न्हायस ती." भिंतीला कागद लावला होता. मास्तरांनी चुलीतलाच एक कोळसा माझ्या हातात दिला. पहिली रेघ वाकडी आली. मग मला न्हाणी दिसायला लागली, पहाटेचा जाळ दिसायला लागला, आणि हात आपोआप चालला. पट्टा काढला, भुरकट भाग बोटाने पुसून काढला, तीन ओघळ काढले. मागे वळून बघितलं तर नऊही मुलं माझ्या कागदावरून भराभर काळं भरत होती. मुलांच्या कागदांकडे बघायचं त्या दिवशी मास्तर विसरले. माझ्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवशी आमच्याकडे कोणी जेवलं नाही आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर इतकी फुगले होते की संध्याकाळी विहिरीवर बायकांशी आपणहून बोलले.

सोमवारी मुलगी त्याच शाळेतून आली ती दप्तर टाकून, तिने बघितलं ते सांगायला बसली. साहेबांनी नऊ चित्रं ओळीने मांडली होती. मुलं गोल बसलेली, त्यामुळे वांगी कुणाच्या चित्रात डावीकडे, कुणाच्या उजवीकडे, कुणाच्या हंड्याआड अर्धी लपलेली. ते सगळं बरोबर. पण तीन ओघळ मात्र नऊच्या नऊ चित्रांत समोर, मधला सगळ्यांत लांब. साहेब म्हणाले, वांगी फिरतात आणि हंडा फिरत नाही, हे कसं काय? सगळ्यांनी एकाच चित्राची नक्कल केलीय. मास्तरांनी चित्रांकडे बघितलं, त्यांच्या ध्यानात आलं आणि ते म्हणाले, "माझी चूक. मी घाई केली." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. साहेबांनी काय शेरा मारायचा तो मारला.

दुसऱ्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, मी एकटी गावाबाहेर पडले. पुरावा म्हणून हंडा कमरेवर घेतला. वाटभर मी भाषण घोकत होते. मास्तरांचा दोष नाही, मुलांचा नाही, नक्कल माझ्यामुळे झाली, साहेबांना पुन्हा बोलवा. शाळेच्या फाटकाशी शिपाई म्हणाला, "बाय, नळ तिकडं हाय." मी मान हलवली आणि आत शिरले. हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिले, त्यांनी काय काम म्हणून विचारलं आणि माझं अख्खं भाषण कुठे गेलं देव जाणे. मी म्हणाले, "हंडा मी घासला." हेडमास्तरांनी हंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंत." मी नमस्कार केला आणि घरी आले.

एप्रिलात मास्तरांना कमी केलं आणि जूनमध्ये परत घेतलं नाही. निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी हसत हसत सांगितलं की हेडमास्तर सगळ्यांना एका बाईची गंमत सांगतात. मला माफी मागायची होती. मी चहा आणला, तो पण गरम, आणि दारामागे गेले. वज्रेश्वरीकडे कुठल्याशा शाळेत बघतो म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. पुढे भावोजीही कामासाठी सुरतेला गेले आणि मास्तरांची काही खबर लागेनाशी झाली. त्यांचं लग्न झालं की मोडलं, कुठे कायम झाले की दर जूनला नव्या गावी जातात, हे मला कोण सांगणार आणि मी कुणाला विचारणार? काम करता करता मध्येच आठवायचं आणि हातातलं तिथेच राहायचं.

पाच-सहा वर्षांनी सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून त्यांना वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर घेऊन गेले. त्या पाण्यात बसल्या आणि मी वर पायरीवर कपडे राखत बसले. जरा वेळाने जाणवलं की समोरच्या पायरीवरून एक दहा-बारा वर्षांची मुलगी मांडीवर फळी आणि कागद घेऊन माझ्याकडे बघतेय. खाली बघतेय, पुन्हा माझ्याकडे. पलीकडेही अशीच दहाबारा मुलं पसरलेली आणि त्यांच्यातून फिरणारी ती पाठ मी ओळखली. मी त्या मुलीलाच हळू विचारलं, तुमचे मास्तर कायम झालेत का गं? ती पेन्सिल न थांबवता म्हणाली, "मंग? माज्या मोठ्या भैनीला पन तेच व्हते. गुरुजीनबाय, त्यांची घरवाली, ती पन आमच्याच शालंत हाय."

माझे डोळे भरून आले. मी पदर घ्यायला हात उचलला तोच मागून आवाज आला, "वहिनी, मान तशीच राहू द्या. पोरीचं अजून व्हायचंय."

मग मी तशीच बसले. खालून सासूबाई हाका मारत होत्या, दोन गाड्या सुटून गेल्या. पाच वर्षं जपून ठेवलेलं बोलायचं होतं आणि तोंड हलवायची सोय नव्हती. एवढा वेळ कुणी माझ्याकडे बघावं आणि मी बघू द्यावं, असं आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं. मुलीचं झाल्यावर मास्तरांनी तिच्या हातातला कागद घेतला. मला वाटलं, आता बोलावं. पण ते कागदाकडे बघत होते. आधी कागदाकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. चित्रातली बाई काहीतरी सांगायच्या बेतात होती. पोरीने ते बरोबर पकडलं होतं.

"पोचलं, वहिनी," ते म्हणाले.

तेवढ्यात शेवटची गाडी आली आणि सासूबाईंना धरून मी घाईघाईने चढले. खिडकीतून बघितलं तर मास्तर त्या मुलीशेजारी खाली बसले होते, आणि मी उठून गेले होते त्या रिकाम्या पायरीकडे दोघं बघत होती.